कोळशाच्या गाड्या आणि रांगांचे गणित



ज्या कोराडीत आपण आज जमलो आहोत, तेथील औष्णिक केंद्राचे 660 मेगावॅटचे तिन्ही संच अहोरात्र पूर्ण भाराने चालले, दर युनिटामागे सुमारे 650 ग्रॅम कोळसा लागला आणि तो सगळा रेल्वेनेच आला असे हिशेबापुरते गृहीत धरले, तर दिवसाची गरज जवळपास 31,000 टनांची, म्हणजे सुमारे 4,000 टनांच्या आठ मालगाड्यांची होते.

हा हिशेब ज्यास पुरेसा वाटेल, त्याने पावसाळ्यात टिपलरपाशी, म्हणजे वाघिणी उलटवून रिकाम्या करणाऱ्या यंत्रापाशी, उभे राहून पाहावे. वाघीण घट्ट धरली जाते, कुशीवर वळते, कोळसा जाळीतून खाली कोसळतो. परंतु ओला कोळसा तळाला चिकटून बसतो, मोठी ढेकळे जाळीवर अडतात, ती घणाने फोडावी लागतात आणि तोवर मागील गाडीचा खोळंबा होतो.

समजा, टिपलर एकच आहे आणि गाडी रिकामी होण्यास सरासरी 2.4 तास लागतात. आठ गाड्यांना 19.2 तास पुरतात. यंत्र दिवसाचा पाचवा हिस्सा मोकळेच राहते. तथापि गाड्यांचे येणे आणि रिकामे होणे ही दोन्ही सर्वस्वी अनियमित असतील, तर कोपनहेगनच्या टेलिफोन व्यवस्थेसाठी गणिती एर्लांग यांनी 1909 साली रांगांच्या ज्या शास्त्राचा पाया घातला, त्यानुसार प्रत्येक गाडी सरासरी 9.6 तास तिष्ठते. रोज नववी गाडी येऊ लागली, की तीच प्रतीक्षा 21.6 तासांवर जाते! मोकळे यंत्र म्हणजे अपव्यय, हे व्यवस्थापकांचे लाडके मत मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. उलट, प्रत्येक गाडी नेमक्या 2.4 तासांतच रिकामी करण्याची तजवीज झाली, तर गाड्यांचे येणे तसेच अनियमित राहिले तरी ही प्रतीक्षा निम्मी होते, आणि त्यासाठी दुसरा टिपलर घ्यावा लागत नाही.

खाणीची साइडिंग, लोहमार्ग, यार्ड, टिपलर अशा एकापुढे एक लागलेल्या रांगांच्या जाळ्याचे गणित जॅक्सन यांनी 1957 मध्ये मांडले. आणि लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे फेरीत गुंतलेल्या गाड्यांची संख्या म्हणजे रोजची आवक गुणिले फेरीचा काळ; तेव्हा फेरीत अर्धा दिवस वाढला, तर रोजच्या आठ गाड्यांची आवक टिकविण्यास चार रेक, म्हणजे वाघिणींचे चार पूर्ण संच, जादा गुंतून पडतात. रेक मोजकेच असल्याने त्याची झळ दुसऱ्या केंद्रास लागते.

शेजारीच खापरखेड्याचे केंद्र आहे; इकडे दाटी झाली, की गाडी तिकडे वळवावी, हे कोणासही सुचेल. परंतु खाणीतून निघताना पाहिलेली रांग गाडी पोहोचेपर्यंत बदललेली असते, आणि त्याच शिळ्या वर्दीवर सगळ्याच गाड्या एकीकडे वळविल्या, तर दाटीचे केवळ ठिकाण बदलते. यास्तव वाटेवरील गाड्याही रांगेत धरून मोजाव्यात, आणि कोणती गाडी कोठे न्यायची याचा हुकूम खाणीपाशी न देता दोन्ही केंद्रांचे मार्ग जेथे वेगळे होतात त्या फाट्याच्या शक्य तितका जवळ द्यावा.