वसईकरांच्या वतीने: स्वागताध्यक्षीय भाषण



 बंडखोरांवर राजाच्या न्यायालयात चाललेले खटले, हा आपल्या परिषदेचा विषय. हा माणूस वकील आहे, तेव्हा याला विषय झेपेल, असं समजून समितीने मला स्वागताध्यक्ष केलं असावं. माझी सगळी वकिली वसईच्या दिवाणी कोर्टात गेली. वाटण्या, वहिवाट, कुळकायदा, सामाईक विहीर. बंड म्हणावं असं जे काही मी पाहिलं, ते शेजाऱ्याच्या बांधापलीकडे गेलं नाही. त्यामुळे विषयावर विद्वान बोलतील. मी गावाबद्दल बोलतो, कारण स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक केलं तर त्याला कोणी अडवत नाही.

कौतुक करायचं तर सुरुवात सोपाऱ्यापासून. आज आपण नालासोपारा म्हणतो आणि नाक मुरडतो. त्याच सोपाऱ्याजवळ एक टेकाड होतं, लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. आत विटांच्या बांधकामात एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असेल? सोन्याची फुलं आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. एवढे करंडक एकात एक घालून जपलं ते मातीचं खापर! मी हे सांगतो तेव्हा आमच्या घरातली मंडळी उठून जातात, कारण त्यांनी ते फार वेळा ऐकलं आहे. आपण बसून आहात, आभारी आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. आता ते करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. आमच्याकडे उरला स्तूप.

किल्ल्याचंही तसंच. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मध्ये दोनशेपाच वर्षं. वेढा किती कठीण गेला ते सगळ्यांना पाठ आहे. मला त्यानंतरचा तह जास्त आवडतो. मे महिन्यात गड खाली करून देताना पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, मानाने बाहेर पडू दिलं आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. आज या सभागृहात वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी आणि ख्रिस्ती वसईकर शेजारी शेजारी बसले आहेत, त्याला तो तहही एक कारण आहे. फक्त जाताना मराठ्यांनी चर्चच्या घंटा नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. एक भीमाशंकरला आहे. नाशिकचे प्रतिनिधी समोर बसलेले दिसतात. घाबरू नका, आम्ही दावा लावणार नाही. मुदत केव्हाच गेली आहे.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. याच्या नावाचं कॉलेज आहे, चर्च आहे, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलांना विचारा की हा कोण, तर दहात दोन सांगतील. गोन्सालो गार्सिया. जन्म इथलाच, १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकला, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा इतकी शिकला की तिथल्या लोकांना धर्मोपदेश करू लागला. पुढे काही वर्षं व्यापार केला. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कनांत सामील झाला. पाद्री नव्हे, साधा ब्रदर. १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरचं वकीलमंडळ हिदेयोशीकडे निघालं, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालोला घेतलं. जपानच्या त्या सर्वेसर्वापुढे स्पेनची बाजू जपानीत मांडणारा माणूस वसईचा होता! माझ्यासारख्याला याचा केवढा अभिमान वाटत असेल बघा. मला तर चार वाक्यं इंग्रजीत बोलायची तर न्यायाधीश म्हणायचे, वकीलसाहेब, मराठीत बोला.

पुढे १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, माल जप्त झाला, संशय वाढला आणि हिदेयोशीने गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांना पकडण्याचा हुकूम काढला. सव्वीस जण होते: सहा फ्रान्सिस्कन आणि वीस जपानी. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांवरून शहरांत धिंड काढली आणि ऐन थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. १८६२ मध्ये पोपने या सव्वीस जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत आमचा आहे.

विद्वानांनो, इथे माझा तुमच्या विषयाशी संबंध येतो, तेवढाच काय तो. गोन्सालोवर खटला चाललाच नाही. आरोपपत्र नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही, बचाव नाही. कागद म्हणून काय होतं, तर एक फळी. ‘हे लोक वकील म्हणून आले, इथेच राहिले, मना केलेला धर्म शिकवत राहिले, म्हणून मृत्युदंड’, अशा अर्थाचा हुकूम लिहून ती फळी त्यांच्यापुढे चालवली. जो माणूस जपानी वाचू शकत होता, त्याने ती वाचली असेल. वकील म्हणून मला ती फळी छळते. तिच्याविरुद्ध अपील कुठे करणार?

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मध्ययुगीन इंग्लंडवर एक सत्र आहे, त्यामुळे मी थोडं वाचलं. १३०५ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसला लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभं केलं. तिथे आरोप वाचले, पण त्याला बचावाची मुभा नव्हती. मी इंग्रजांच्या राजाला कधी निष्ठेची शपथच दिली नाही, तर द्रोह कसला, एवढं तो म्हणाला असं सांगतात. मुद्दा बिनतोड होता, पण त्याच दिवशी शिक्षा झाली. पुढे १३५२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात राजद्रोह म्हणजे काय हे कायद्याने लिहिलं गेलं. त्यात राजाविरुद्ध त्याच्या राज्यात युद्ध करणं हा एक गुन्हा. पाचशे वर्षांनी, १८६० मध्ये, तोच गुन्हा आपल्या दंडसंहितेच्या १२१ व्या कलमात राणीचं नाव घेऊन येऊन बसला. १ जुलै २०२४ पासून तो न्याय संहितेच्या १४७ व्या कलमात आहे. एवढा जुना भाडेकरू मी वसईच्या कोर्टातसुद्धा पाहिलेला नाही.

त्याच गुन्ह्याचा मराठी मुलखातला मोठा खटला वासुदेव बळवंत फडक्यांचा. शिरढोणचे. जुलै १८७९ मध्ये कलादगीकडच्या देवर नावडगीला मेजर डॅनियलने त्यांना पकडलं आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या देवळात बसून त्यांनी स्वतःची हकीगत लिहिली होती. तीच सरकारने पुरावा म्हणून पुढे केली. वकील म्हणून सांगतो, अशिलाने आपल्या हाताने लिहिलेलं घेऊन उभं राहायचं म्हणजे काय असतं! पण पुण्यात वकील उभे राहिले. आधी सार्वजनिक काका आणि सेशन्समध्ये महादेव चिमणाजी आपटे. आपट्यांचं नाव आज कोणाला ठाऊक असेल तर आनंदाश्रमाचे संस्थापक म्हणून, संस्कृत ग्रंथमालेमुळे. सरकारविरुद्ध युद्ध पुकारलेल्या माणसाचं वकीलपत्र त्यांनी घेतलं, तेव्हा पुण्यात किती जणांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं असेल याचा मी विचार करतो. जन्मठेप झाली आणि एडनला धाडण्याआधी फडक्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती, म्हणजे तुरुंग आमच्याच जिल्ह्याचा. बादरायण संबंध म्हणा हवं तर, स्वागताध्यक्षाला तो माफ असतो. एडनहून त्यांनी दार बिजागऱ्यांतून काढून पलायन केलं, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले.

गोव्याच्या मंडळींनी पिंटोंच्या कटावर निबंध आणला आहे, त्याची मी वाट पाहतो. पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा १७८७ चा कट. पंधरा जणांना पणजीत फाशी झाली, पण पाद्र्यांना खटल्याविना लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं. आणि आमच्या पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात पाच जण गेले: काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी, सुकुर मोरे. खटला चालायचा तर आरोपी जिवंत लागतो.

माझं एक गाऱ्हाणं आहे, आणि ते मी पाहुण्यांसमोरच मांडणार. आमचं सगळं बाहेर आहे. करंडक मुंबईत, घंटा नाशिकला, गोन्सालो नागासाकीला, पोर्तुगीज कागद लिस्बनला आणि पणजीला, मराठी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात. केळीसुद्धा बाहेरच जातात, पण त्यांचे पैसे तरी येतात. आमच्या वाचनालयात एक काचेचं कपाट याच हेतूने रिकामं ठेवलं आहे. आपल्यापैकी कोणाला कुठल्या दफ्तरात वसईचा एखादा कागद दिसला, एखाद्या कैद्याचं नाव, एखादा हुकूम, तर त्याची छायाप्रत पाठवा. टपालखर्च आम्ही देऊ.

आता माफी, आणि ती लांबणार आहे. निवासाची सोय एका ठिकाणी झाली नाही. काही जण वसतिगृहात, काही चर्चच्या सभागृहात, काही वसईकरांच्या घरी. घरी उतरलेल्यांचं नशीब चांगलं, पण त्यांना जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, हेही ध्यानात ठेवा. काल रात्री गरम पाणी एकाच मजल्यावर आलं, ते आज तिन्ही मजल्यांवर येईल असं प्लंबरने शपथेवर सांगितलं आहे. ज्यांच्या बिल्ल्यांवर नावं चुकली, त्यांनी नोंदणीच्या टेबलावर सांगावं. एका डॉक्टरेट झालेल्या बाईंना बिल्ल्यावर ‘श्री’ लागला आहे, त्यांची विशेष क्षमा. संध्याकाळी परतणाऱ्यांनी चर्चगेटची गाडी वसई रोडला पकडण्याऐवजी विरारला जाऊन बसून यावं. हा सल्ला आमच्या पाहुण्यांनाच, इतर कोणाला सांगू नये. रात्रीच्या जेवणात आगाशीचं भुजिंग आहे. शाकाहारींसाठी वेगळी पंगत, वेगळे वाढपी आणि वेगळा पडदासुद्धा लावला आहे.

देणगीदारांचे आभार मानताना पंचाईत आहे. निम्म्यांनी नाव घेऊ नका अशी अट घातली आणि उरलेल्यांनी घ्याच अशी. दोघांना समान न्याय म्हणून मी कोणाचंच घेत नाही. सभागृह भाड्याविना देणारे कार्यालयाचे मालक, मंडपवाले, जनरेटरवाले, चुकलेल्या पत्रिका दुसऱ्यांदा छापून देऊन एकदाचंच बिल लावणारे छापखानेवाले, स्टेशनवर पहाटे पाचपासून पाट्या धरून उभे राहिलेले रिक्षावाले, व्यासपीठ सजवणारे फुलबागायतदार आणि आमच्या पतपेढीचं संचालक मंडळ, सगळ्यांचा मी ऋणी आहे. एका बांधकाम व्यावसायिकांनी मोठी रक्कम दिली. त्यांची इच्छा होती की फलक अध्यक्षांच्या खुर्चीच्या मागे लागावा. तो वाहनतळावर लावला आहे, आणि तिथे तो जास्त लोक वाचतात असं त्यांना पटवण्यात मला यश आलं. उपाहार, पंक्ती, चहा, सगळं सांभाळणाऱ्या बचतगटाच्या भगिनींचे आभार शेवटी मानतो, कारण त्यांनी मला ताकीद दिली आहे की भाषण लांबलं तर चहा निवेल.

प्रत्येकाच्या पिशवीत सुकेळीचं एक पुडकं आहे. पिकलेलं राजेळी केळं सोलून, उन्हात मांडून, रात्री झाकून, रोज पुन्हा उन्हात घालून ते तयार होतं. रंग मधासारखा येतो आणि वरून साखर लागत नाही. पुडकं केळीच्याच सोपटाने बांधलं आहे. ते बांधणाऱ्या घरांत आता दरवर्षी एक एक घर कमी होतं, कारण वाडीची जमीन इमारतीला जाते. त्याचे दावे मी चालवलेले आहेत, दोन्ही बाजूंनी.

उद्या सकाळी साडेसहाला किल्ल्यासाठी तीन बसगाड्या या दारासमोरून सुटतील. सेंट जोसेफच्या मनोऱ्यापाशी आणि नागेश्वराच्या देवळापाशी थांबू. टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, आत सावली कमी आहे. साडेनऊला परत यायचं आहे, कारण दहाला इंग्लंडचं सत्र आहे आणि वक्ते आजच विचारून गेले की श्रोते असतील ना. आता परिषदेच्या अध्यक्षांना भाषणासाठी विनंती करतो.