कुंथणे, लघवीवरील ताबा आणि ओटीपोटाचा तळ
(उळवी येथे जमलेल्या महिलांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

उपस्थित भगिनींनो, आणि मागे संकोचाने उभे असलेल्या बंधूंनो,

चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या या क्षेत्री माघ पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते, तेव्हा धारवाड-बेळगाव भागातून यात्रेकरू आजही बैलगाड्या जोडून रानातल्या वाटेने येतात. त्या गाड्यांच्या शोभेविषयी प्रसिद्धीचा मजकूर मी अनेकदा लिहिला आहे. परंतु गाडीत बसलेली स्त्री दिवसभरात पाणी किती पिते, हा प्रश्न माझ्या टाचणात कधी आला नाही. ती फार थोडे पिते. वाटेत आडोसा मिळेल की नाही याची शाश्वती नसते, म्हणून ती तहान मारते, लघवी दाबते, आणि शौचाची भावना झाली तरी अंधार पडेपर्यंत थांबते.

मी वैद्य नाही. कला शाखेची पदवीधर आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, मीही तेच केले. कारवारहून अणशी घाटाने जोयड्याकडे दौऱ्यावर निघताना सकाळचा चहासुद्धा मी टाळीत असे. काही वर्षांनी बद्धकोष्ठ जडले, आणि मग खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब निसटू लागले. ‘वयाचे लक्षण’ म्हणून मी ते दोन वर्षे लपविले. शेवटी तपासणाऱ्या डॉक्टर भगिनींनी पहिला प्रश्न लघवीचा केलाच नाही. त्यांनी विचारले, “शौचाला बसल्यावर तुम्ही कुंथता का?” या दोहोंचा संबंध काय, असे मला त्या वेळी वाटले. तो संबंधच आज सांगावयाचा आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. वैद्यकशास्त्र तिला श्रोणितल म्हणते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय ही तिन्ही या एकाच झोळीवर विसावलेली असतात. झोळीतून जाणारे मार्ग आवळून धरणे आणि योग्य वेळी सैल सोडणे, हेही तिचेच काम. पाळण्याची झोळी एका बाजूस उसवली तर मूल दुसऱ्या बाजूसही घसरते, तसाच हा प्रकार आहे. गुदाशयात घट्ट मळ साचला की तो पुढच्या मूत्राशयावर दाबतो; त्यामुळे वारंवार घाई होते आणि तरीही लघवी पूर्ण होत नाही. तो मळ बाहेर काढण्यासाठी श्वास कोंडून रोज कुंथले, तर पोटातला सारा दाब खाली येऊन झोळी थोडी थोडी सैल होत जाते. बाळंतपणात ती आधीच ताणलेली असते. डोक्यावर लाकडाची मोळी आणि कमरेवर घागर वाहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. आपल्याकडे बायका हलक्या आवाजात ‘अंग बाहेर येते’ म्हणतात, त्या दुखण्याच्या कारणांतही हे कुंथणे आहे.

शौचाच्या वेळी लघवी होणे मात्र स्वाभाविक आहे, त्याची भीती नको. झोळी सैल पडली की दोन्ही वाटा मोकळ्या होतात.

उकिडवे बसण्याची आपली जुनी पद्धत या कामी चांगली आहे. गुदमार्गाला मागून एका स्नायूचा फास असतो. उभे असताना तो मार्गाला बाक देऊन धरतो, उकिडवे बसताच तो ढिला पडून वाट बरीच सरळ होते. गुडघेदुखीमुळे खुर्चीसारख्या भांड्यावर बसावे लागत असेल, तर पायांखाली लहान पाट घ्यावा, पुढे झुकावे आणि तोंडाने सावकाश श्वास सोडावा. भावना होताच जावे. नसेल तेव्हा बसून राहू नये. पाणी कमी केल्याने गळती थांबते हा समज उलटा आहे. मळ कडक होतो आणि घट्ट लघवी मूत्राशयाला जास्त चाळवते. अन्नाच्या बाबतीत जोयड्याच्या भगिनींना मी काय सांगावे? नाचणी, पालेभाज्या, फणस, केळी आणि कुणबी कुटुंबे जपत आलेली कंदमुळे हा चोथा तुमच्या अंगणातच आहे. पाहुण्यांपुढे बिस्किटे ठेवण्याची हौस मात्र अलीकडे वाड्यावाड्यांवर दिसते!

झोळी पुन्हा बळकट करता येते. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 साली त्यासाठीच्या व्यायामाची माहिती प्रसिद्ध केली. वारा अडवताना आपण जे स्नायू आत-वर ओढतो, तेच ओढावेत. पाच आकडे मोजेपर्यंत धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळू नयेत, श्वास कोंडू नये. लघवी करताना मध्येच धार तोडण्याची सवय लावू नये. भाकरी थापताना, गाडीची वाट पाहताना हे करता येते. शेजारणीला कळतही नाही. निदान तीन महिने चिकाटी हवी. मला चौथ्या महिन्यात फरक जाणवला. सैल सोडणे हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे. काहींची झोळी सदैव आवळलेली असते व त्यामुळेच शौच अडते. अशांनी विचारल्यावाचून हा व्यायाम करू नये.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांची नव्हेत. लघवीत किंवा शौचात रक्त, ताप व जळजळ, बाळंतपणानंतर सतत ठिबकणारी लघवी, योनीतून गोळा खाली येणे, यांपैकी काहीही असल्यास आशा कार्यकर्तीस सांगून रुग्णालय गाठावे. मांड्यांमधला भाग अकस्मात बधिर होऊन ताबा सुटला, तर त्याच दिवशी निघावे. गोळा खाली आला म्हणजे शस्त्रक्रियाच होते असेही नाही. आतून आधार देणारी कडी बसवूनही अनेकींना आराम पडतो.

बंधूंनाही हे स्नायू आहेत; पौरुषग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनाही हाच व्यायाम शिकवितात. त्यांना आणखी एक सांगणे आहे. 2014 च्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर गावोगाव शौचालये उभी राहिली. ज्या घरी त्यात लाकूडफाटा भरलेला असेल, त्यांनी तो आज संध्याकाळपर्यंत बाहेर काढावा आणि आत पाण्याची सोय करावी. यात्रेस येणाऱ्या गाडीवानांनी वाटेत कुठे थांबणार ते निघतानाच बायकांना सांगावे, म्हणजे त्या पाणी पितील.

आता परिचारिका भगिनी आतल्या खोलीत बसल्या आहेत. एकेकीने जावे, दार लावून घ्यावे आणि काय होते ते आपल्या शब्दांत सांगावे. बंधूंनी तोपर्यंत कृपया अंगणात थांबावे.