आमच्या मुली आणि व्हॉलीबॉलचा संघ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या आठवड्यात आपण पुष्कळ भाषणे ऐकिली. देवळाच्या पायाभरणीचा इतिहास झाला, दिवंगत धर्मगुरूंचे स्मरण झाले, नव्या घंटेसाठी वर्गणी देणाऱ्यांची नावे वाचून झाली. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहो तो ह्या सर्वांपुढे कित्येकांस हलका वाटेल. महोत्सव समितीने धर्मग्रामातील मुलींसाठी व्हॉलीबॉलचा संघ काढण्याचे योजिले आहे आणि त्यात आपल्या मुलीस नाव घालू द्यावे की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे. परंतु ह्या एवढ्याशा प्रश्नाने गेल्या पंधरा दिवसांत जितकी घरे ढवळून निघाली, तितकी घंटेच्या वर्गणीनेही निघाली नव्हती. सबब त्याचा विचार ओट्या-ओट्यांवर न होता येथे सर्वांसमक्ष व्हावा, असे आम्हांस वाटले.

सभागृहाच्या दारावर लाविलेल्या यादीत पहिल्या रविवारी चौदा मुलींनी स्वहस्ते नावे लिहिली. दुसऱ्या रविवारी त्यांपैकी पाच नावांवर रेघ ओढलेली आढळली. ह्या रेघा मुलींनी ओढल्या नसाव्यात. स्वतःचे नाव खोडणारीचा हात इतका जोराने चालत नाही. नऊ उरल्या. मैदानावर एका वेळी सहा जणी लागतात. त्यांत परीक्षा, आजारपण आणि घरची लग्नकार्ये वजा करा म्हणजे हा संघ पावसाळ्यापूर्वीच मोडणार की काय, ही शंका का येते ते आपल्या ध्यानात येईल. नऊ मुलींचे मन पाच घरांच्या निर्णयावर टांगलेले आहे, म्हणून आम्ही बोलावयास उभे राहिलो आहो.

हा खेळ आला कोठून, हे प्रथम थोडक्यात सांगणे बरे. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स प्रांतात होल्योक म्हणून एक गाव आहे. तेथील वाय. एम. सी. ए. मध्ये व्यायाम शिकविणारे विल्यम मॉर्गन ह्यांनी तो १८९५ साली काढिला. चार वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल प्रौढ, कामधंदा करणाऱ्या माणसांस फार धकाधकीचा होतो असे त्यांस दिसले. म्हणून मध्ये जाळे बांधून दोन्ही बाजू अलग ठेवावयाच्या, म्हणजे अंगाला अंग लागावयाचेच नाही, अशी युक्ती त्यांनी योजिली. आपल्या देशातही तो प्रामुख्याने त्याच संस्थेमार्फत पसरला. मद्रास येथे १९२० साली हॅरी क्रो बक ह्यांनी काढिलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. संस्था प्रॉटेस्टंट बांधवांची खरी, पण चांगली गोष्ट शेजाऱ्याच्या अंगणातून आली म्हणून कोणी ती परत पाठवीत नाही. आमच्या सेमिनरीत तर सायंकाळची घंटा होताच ईशज्ञानाचे विद्यार्थी ज्या आवेशाने जाळ्याकडे धावत, तो आवेश प्रबंध लिहिताना क्वचितच दिसे.

अंगाला अंग लागू नये म्हणून निघालेला हा खेळ मुलींना अशोभनीय, असे म्हणणारांनी ह्या उगमाचा विचार करावा. १९६४ साली टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथम समावेश झाला, तो पुरुष व स्त्रिया अशा दोघांसाठीही. चेंडूच्या सांघिक खेळांपैकी स्त्रियांस तेथे प्रथम प्रवेश मिळाला तो ह्याच खेळात. जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघास हरवून सुवर्णपदक मिळविले. त्यांतील बहुतेक जणी निचिबो नामक कापडगिरणीच्या संघातल्या होत्या. दिवसा गिरणीत नोकरी आणि पुढे रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा क्रम असे. त्यांचे शिक्षक दाइमात्सु ह्यांची शिस्त इतकी कठोर होती की ती आम्ही आपल्या मुलींस कदापि लावू देणार नाही. परंतु ‘खेळणाऱ्या मुलीचे लग्न कसे जमावे’ असे जे आम्हांस हळूच विचारून गेले, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या संघाची कर्णधार मासाए कासाई हिने, सरावापायी वर पाहण्यास सवडच मिळाली नाही, असे प्रत्यक्ष पंतप्रधान सातो ह्यांच्या कानावर घातले. त्यांनीच स्थळ सुचविले आणि १९६५ साली तिचे लग्न झाले. एवढा थोर मध्यस्थ आम्ही आणू शकणार नाही, हे कबूल.

आता रेघा ओढणाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. उन्हाने मुली काळवंडतील, हे म्हणणे आम्ही उत्तर न देता सोडून देतो. ‘मुलीच्या जातीला असली दगदग सोसत नाही’ हे मात्र सोडवत नाही, कारण ते वसईच्या ह्या किनाऱ्यावर उच्चारले जावे ह्याचे आम्हांस नवल वाटते. पहाटेच्या अंधारात भाजीच्या व फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन गाडी गाठणाऱ्या, मुंबईचा बाजार करून परतल्यावर वाडीला पाणी लावणाऱ्या बायका कोणाच्या आज्या होत्या? त्यांच्या मानेत व मनगटांत जे बळ होते ते दगदगीनेच आले होते. ते घराच्या उपयोगी पडत होते तोवर कोणास अशोभनीय वाटले नाही. तेच बळ आता मुलीच्या स्वतःच्या आनंदासाठी वापरले जाणार म्हणताच अशोभनीय कसे झाले, ह्याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. संत मारिया मात्सारेल्लो ही तरुणपणी द्राक्षमळ्यांत पुरुषांच्या बरोबरीने राबत असे. पुढे आजाराने ती ताकद गेली तेव्हा तिने सुई हाती घेतली, गावच्या मुली भोवती जमविल्या आणि १८७२ साली संत जॉन बॉस्को ह्यांच्यासह भगिनींचा संघ स्थापिला. त्या भगिनींच्या शाळांत प्रार्थनामंदिराइतकेच पटांगणही आवश्यक मानले जाते. संत पौलाने करिंथकरांस शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे लिहिले आणि त्याच पत्रात धावपटूंचा दाखलाही दिला, हे आपण जाणताच. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००० सालच्या महाज्युबिलीत २९ ऑक्टोबर रोजी रोमच्या क्रीडांगणावर खेळाडूंसाठी मिस्सा अर्पिली. ख्रिस्तसभेस ह्या विषयाचे वावडे नाही; वावडे असेल तर ते आपल्या आळीस आहे.

दहावीचे वर्ष जवळ आले, असेही एक कारण सांगण्यात आले. मुलाची दहावी आणि मुलीची दहावी निरनिराळी मंडळे घेतात काय? दहावीतल्या मुलाची क्रिकेटची बॅट माळ्यावर ठेवलेली आम्ही क्वचितच पाहिली. मुलीचे मात्र आठवी संपताच मैदान सुटते आणि त्या वेळेत ती अभ्यास करते असे नाही, तर बहुधा भांडी घासते. आठवड्यातून तीन वेळा दीड-दीड तास, म्हणजे साडेचार तास होतात. हातातल्या मोबाइलपायी किती तास जातात, ते आईबापांनीच मोजून पाहावे.

तथापि सर्वच शंका पोकळ नाहीत. दोन पित्यांनी आम्हांस जे विचारले ते योग्यच होते, व त्यांचे आम्ही आभार मानितो. मुलींस शिकवावयास पुरुष आहे, त्याचे काय? आम्हांस लाभलेले शिक्षक सज्जन आहेत. परंतु सज्जनपणा ही व्यवस्था नव्हे. बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला, आणि ख्रिस्तसभेतही जेथे जेथे लोकांनी नुसत्या विश्वासावर विसंबून डोळे मिटले तेथे लेकरांनी काय भोगिले, हे आपण वाचले आहे. म्हणून सराव चालू असेतो दोन वडील स्त्रिया मैदानावर हजर असतील. त्या नसतील तर सराव होणार नाही. कोणत्याही मुलीस एकटीस थांबवून घेतले जाणार नाही. निरोप जातील ते आईबापांसह सर्वांना दिसतील असेच जातील. हा नियम धर्मगुरूंनाही लागू आहे. पोषाख सर्वांचा एकाच रंगाचा व क्रमांकाचा असेल, पण गुडघ्यापर्यंतची विजार घालावी की पायघोळ, हे मुलीने व तिच्या आईने ठरवावे. त्यावरून कोणी थट्टा केल्यास तिला त्या दिवशी मैदानाबाहेर बसावे लागेल. महिन्यातील ज्या दिवसांत मुलीस विसावा हवा असेल, ते तिने सिस्टरांस सांगावे. त्यात आम्ही पडणार नाही. सामने पुष्कळदा रविवारी सकाळी ठेवतात. अशा वेळी संपूर्ण संघ शनिवारी सायंकाळच्या मिस्सेस येईल. ती मिस्सा रविवारची म्हणून मान्य आहे, पण सवलतीची सवय होऊ नये.

मुलींनो, आता तुमच्याशी चार शब्द. संघात नाव घालणे म्हणजे वचन देणे होय. कबड्डीत एखादा गडी कमी असता तरी डाव रेटता येतो. येथे एक जण आली नाही तर पाच जणींना डावच मांडता येत नाही. ह्या खेळाचे नियम तुम्ही नीट पाहा. चेंडू धरावयाचा नाही, हातात थांबवावयाचा नाही. एकीने एकदा मारल्यावर लगोलग तिनेच पुन्हा मारावयाचा नाही. तीन स्पर्शांत तो जाळ्यापलीकडे गेला पाहिजे. म्हणजे कितीही कुशल मुलगी असली तरी ती एकटीने खेळू शकत नाही. चेंडू दुसरीस द्यावाच लागतो, आणि तोही तिला मारता येईल असा. सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणींनी एकेक जागा पुढे सरकावयाचे. त्यामुळे आज जी जाळ्याशी उड्या मारते तिला उद्या मागे जाऊन धुळीत वाकावेच लागते. टाळ्या पडतात त्या स्मॅश मारणारीला. परंतु मागच्या ओळीत गुडघे वाकवून पहिला चेंडू उचलणारी जर चुकली, तर स्मॅशची वेळच येत नाही.

आणि बाकावर बसणारीचे काय? चौदांतून सहा खेळणार, आठ बसणार. हे दुःख लहान नाही. नवा पोषाख घालून, घरच्यांस बोलावून, शेवटपर्यंत नुसते पाणी देत राहणे हे चौदा वर्षांच्या मुलीस किती लागते, ते मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. ह्या खेळात एक नियम आहे, तो आम्हांस फार आवडतो. सुरुवातीस खेळणाऱ्या मुलीच्या जागी बाकावरची आत जाते, तेव्हा त्या डावापुरती त्या दोघींची जोडी बनते. ती बाहेर यावयाची झाली तर तिच्या जागी जाऊ शकते ती फक्त तिने जिला बाहेर पाठविले तीच. तेव्हा तुमच्या जागी येणारी ही तुमची वैरीण नव्हे. तुमची जागा तीच राखून ठेवीत असते. शिक्षकांस आम्ही सांगितले आहे की, धर्मग्रामांतर्गत सामन्यांत प्रत्येक मुलीस आत उतरविल्यावाचून सामना संपता कामा नये, मग हार झाली तरी चालेल. बाहेरच्या स्पर्धेत तसे नेहमी साधेलच असे वचन आम्ही देत नाही.

हराल, हेही सांगून ठेवितो. पहिल्या वर्षी बहुतेक सामने हराल. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर ‘सांगितले होते ना’ हे वाक्य आईबापांनी गिळावे, एवढी आमची त्यांस विनंती आहे.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. स्त्रियांसाठी जाळे २.२४ मीटर, म्हणजे सुमारे सात फूट चार इंच उंच बांधतात. आमच्या लहान मुलींसाठी आरंभी ते खाली घेऊ. मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद लागते, आणि देवळामागील जागेत ते बसते. मात्र वाळत घातलेली सुकी मासळी तेथून हलवावी लागेल, आणि ती कोणाची आहे हे आम्ही येथे सांगत नाही. मंगळवार, गुरुवार व शनिवारी साडेचारला सराव सुरू होऊन सहाला संपेल. अनवाणी कोणीही खेळू नये. उडी मारून उतरताना घोटा मुरगळतो. ज्या घरांस बूट घेणे जड आहे त्यांच्यासाठी महोत्सव निधीतून तजवीज केली आहे. कोणाचे बूट कोठून आले हे फक्त सिस्टरांस ठाऊक राहील. मापे द्यावयाची आहेत ती पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर. यादी अजून दारावरच आहे आणि खोडलेल्या नावांशेजारी पुन्हा लिहिण्यापुरती जागा आहे.