परिचारिकेच्या पदवीची दोन वर्षे



परिचर्येची तीन वर्षांची पदविका घेऊन नोकरीस लागलेल्या आपल्या लेकीसुनांनी तेथेच थांबू नये. बारावी उत्तीर्ण व परिचर्या परिषदेत नोंदणी झालेल्या पदविकाधारकांस दोन वर्षांचा ‘पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग’ हा अभ्यासक्रम खुला आहे. नाशिकचे १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही पदवी देते. पुढे एम. एस्सी.ची व अध्यापनाची वाट मोकळी होते.

परंतु प्रवेश मिळणे हे अर्धेच कार्य होय. वर्ग, रुग्णालयातील प्रात्यक्षिके व घरची चूल हे तिहेरी ओझे एकटीने वाहवत नाही. अशा वेळी पदवी अपुरी राहते ती बुद्धीच्या अभावी नव्हे, आधाराच्या अभावी. म्हणून विनंती एवढीच, की ती दोन वर्षे तिच्या हातचे पोळपाट-लाटणे घरातील इतरांनी घ्यावे.