चाक रुंद असावे की अरुंद?



आज मी एका खेळाविषयी बोलणार आहे. पण खेळ म्हणून तो बाजूला सारू नका. त्यात तुमच्या रानातल्या चिखलाचा आणि शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा प्रश्न दडलेला आहे.

रेडिओवर चालणाऱ्या लहानग्या मोटारींच्या शर्यती असतात. ज्या लहरींवर माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो, त्याच जातीच्या पण पुष्कळ आखूड लहरींनी ही मोटार दुरून हाकतात. मोटार खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची, वजनाने दीड किलोच्या आसपास. ती धावते मातीवर, उंचवट्यांवरून उड्या मारीत. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली अशा मातीवर धावणाऱ्या गाड्या विकायला आणल्या, आणि १९८५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या मापाच्या विजेवरील मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

या खेळात नवा पडलेला मुलगा एक ठाम समजूत घेऊन येतो: टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. खाऊचे पैसे साठवून तो पुढेमागे रुंद चाके घेतो. मग गाडी वळणावर वळायचे सोडून सरळ निघून जाते, नाहीतर कोलांटी खाते. असे का व्हावे?

शिक्षक मित्र इथे म्हणतील, “घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे आम्ही मुलांना शिकवतोच की!” खरे आहे. टेबलावर लाकडी ठोकळा आडवा ओढा की उभा ओढा, जोर जवळजवळ तेवढाच लागतो. पण हा नियम कठीण, कोरड्या पृष्ठांचा आहे. मऊ रबराला तो नीट लागू पडत नाही, आणि माती तर चाकाखाली दबते, सरकते, फाटते. तिथे हिशेब दाबाचा. वजन तेच ठेवून टेकण्याची जागा दुप्पट केली, तर दाब निम्मा होतो.

हे तुम्हाला सांगायला पुस्तक नको. बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावेने ओल्या वाटेत किती खोल चाकोरी पडते, आणि डनलॉपची गाडी त्याच वाटेने कशी वरचेवर जाते, हे तुम्ही पाहिले आहे. वाळूत उंटाचा पसरट पाय तरतो, शेळीचा खूर रुततो. इंग्लंडात तर रस्ते चाकोऱ्यांनी खराब होतात म्हणून १७५३ साली कायदाच झाला, की टोलच्या रस्त्यावरील जड मालगाड्यांची चाके नऊ इंच रुंद हवीत.

मग रुंदच चाक चांगले का? नाही. खाली टणक जमीन आणि वर बोटभर धुरळा असेल, तर रुंद चाक धुरळ्यावरच तरंगते. अरुंद चाक तो कापून खालची टणक जमीन धरते. म्हणून आधी जमीन पाहावी, मग चाक निवडावे.

दुसरा प्रश्न चाकाच्या कामाचा. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या या मोटारीला पुढे अरुंद टायर असतात, त्यांवर गोल फिरणाऱ्या कडा; मागे रुंद टायर, त्यांवर बारीक खुंट्या. हे चित्र ओळखीचे वाटते ना? तुमचा ट्रॅक्टरच तो! पुष्कळ ट्रॅक्टरांना पुढे ६.००-१६ आणि मागे १३.६-२८ मापाचे टायर असतात. पहिला आकडा इंचांत रुंदी, दुसरा रिमचा व्यास. पुढच्या चाकाने वळवायचे, मागच्याने ओढायचे. चारही चाकांनी ओढणाऱ्या एक दशांश मोटारीत पुढचे टायर अधिक रुंद असतात, कारण त्यांना दोन्ही कामे आहेत. एक अष्टमांश मापाच्या मोठ्या मोटारीत तर चारही टायर एकाच मापाचे.

जमीन फारच पकड देणारी असली, तर पुढे रुंद टायर घालू नये. तो एकदम धरतो आणि गाडी उलटते. टायरला चाकही जुळते हवे, बरं का. या टायरांत दाबलेली हवा नसते, आत स्पंजाचे कडे असते. अरुंद चाकावर रुंद टायर चढवला की माथा फुगीर होतो आणि कडेच्या खुंट्या जमिनीला लागतच नाहीत. शिवाय स्पर्धेत एक दशांश मोटारीची एकूण रुंदी २५० मिलिमीटरच्या आत लागते. टायर घेण्यापूर्वी पट्टी लावून पाहावी.

शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. एकाच व्यासाची दोन लाकडी चाके, एक इंचभर रुंद, दुसरे दोन इंच. प्रत्येकावर तेच वजन ठेवून ती कोरड्या वाळूत, ओल्या मातीत आणि धुरळा पसरलेल्या फरशीवर ताणकाट्याने ओढा. किती रुतले, किती जोर लागला, ते फळ्यावर मांडा. पाठ केलेला नियम कुठवर चालतो आणि कुठे थांबतो, हे मुलांना आपोआप कळेल.

आणि शेतकरी बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात असू द्या. रुंद टायर वरच्या थरावरचा दाब कमी करतो. पण खोलवर जमीन आवळली जाते ती मुख्यतः आसावरच्या एकूण भाराने. म्हणून नवे रुंद टायर आले तरी वाफसा येण्यापूर्वी भरलेली ट्रॉली रानात घालू नका. खेळातली मोटार उलटली तर मूल ती उचलून पुन्हा उभी करते. नांगराच्या फाळाखाली आवळलेली जमीन मोकळी व्हायला मात्र वर्षे लागतात.