पिलाच्या तोंडाला अचानक लाळ सुटली तर...



गाई-बैलांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो लाळ्या-खुरकूत. पण तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा. कुत्र्याच्या पिलाला एकाएकी लाळ सुटते तेव्हा तिची कारणे निराळी असतात. काही किरकोळ, काही तासाभरात पिलाचा जीव घेणारी, आणि एक तर घरातल्या माणसांच्याही जिवावर उठणारे. विठ्ठलवाडीहून अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडकडे निघाले की कारखाने, चाळी, गोठे आणि भाताची खाचरे जवळजवळ लागतात. राखणीसाठी आणलेले पिलू या सगळ्यांत फिरते आणि दिसेल ते चघळते. म्हणून हा विषय आज आपण नीट समजून घेऊ.

काळजीचे कारण नाही, असे केव्हा समजावे?

साडेतीन ते सहा-सात महिन्यांच्या वयात पिलाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या सळसळतात, लाळ थोडी वाढते, कधी रक्ताचा ठिपकाही दिसतो. टेम्पोत किंवा रिक्षात बसल्यावर मळमळून लाळ येते. कडू औषध पाजल्यावर तोंडाला फेस येतो. अशा वेळी पिलू खाते-पिते, खेळते, हाक मारली की येते आणि लाळ थोड्या वेळाने थांबते. मग फक्त लक्ष ठेवावे.

केव्हा धावपळ करावी?

लाळेबरोबर पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी उद्याची वाट पाहू नका :

१. उलट्या, पातळ हगवण, अंग थरथरणे, झटके किंवा तोल जाणे.
२. श्वासाला त्रास, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडणे.
३. गिळता न येणे, पंजाने सारखे तोंड खाजवणे, लाळेत रक्त.
४. खालचा जबडा लोंबणे, आवाज बदलणे, स्वभाव पालटणे.

शेतावरची आणि गोठ्यातली विषे

क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी फवारणीची औषधे पोटात गेली किंवा अंगावर सांडली तर लाळ, अश्रू, उलट्या, हगवण, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे आणि थरथर ही लक्षणे झपाट्याने दिसतात. यावर ॲट्रोपिनचा उतारा आहे, पण तो पशुवैद्यकानेच द्यायचा असतो. जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध अंदाजाने पिलाला लावणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. पिलू अंग चाटते आणि विषबाधा होते. असे झाले तर हातात रबरी मोजे घालून पिलाला साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा.

पावसाळ्यात पिलू भेक तोंडात धरते. भेकाच्या कातडीतील विषाने क्षणात फेस येतो. भेक धरलेला तुम्ही स्वतः पाहिला असेल व पिलू शुद्धीवर असेल, तर त्याचे डोके खाली धरून तोंडाच्या कडेने पाणी सोडा, म्हणजे ते घशात जाणार नाही. अळूचा कच्चा कंद चावल्यानेही तोंड खाजून लाळ सुटते. रात्री अचानक लाळ, पापण्या जड होणे आणि पाय लुळे पडणे दिसले, तर नाग किंवा मण्यार चावल्याची शंका घ्या.

कारखान्यांच्या परिसरात आणखी एक धोका आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. टाकून दिलेली पिंपे व नाल्याचे पाणी यांपासून पिलू दूर ठेवा. तीव्र रसायनाने तोंड भाजले असेल तर उलटी करवू नका, कारण वर येताना ते घसा पुन्हा भाजते.

कोणत्याही विषबाधेत मिठाचे पाणी, तेल, तूप किंवा दूध जबरदस्तीने पाजू नका. औषधाची बाटली किंवा पुडी बरोबर न्या. तिच्यावरचे नाव वाचून पशुवैद्यकाला लगेच उपचार ठरवता येतो.

हाडूक अडकले म्हणून हात घालू नका

लाळ गळते, गिळवत नाही, जबडा उघडा. पाहणाऱ्याला वाटते की घशात हाडूक अडकले. कधी ते खरेही असते. पण पिसाळण्याच्या रोगाचे, म्हणजे रेबीजचे, चित्र नेमके असेच दिसते. रोगाचे विषाणू लाळेत असतात, लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून. गाईच्या घशात हात घालतानाही हाच धोका आहे.

“पिलू एवढेसे आहे, ते कसले पिसाळते?” असे म्हणू नका. पिसाळलेला कुत्रा पिलांना चावून गेलेला आपल्याला कळतही नाही. तसेच “पाणी पितो, म्हणजे पिसाळलेला नाही” हाही गैरसमज आहे. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण. पिसाळलेला कुत्रा पाण्याजवळ जातो. संशय आला की पिलाला हात न लावता खोलीत किंवा टोपल्याखाली कोंडा, मुलांना दूर ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

पिलू चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. डोळा व तोंड मात्र नुसत्या पाण्याने धुवा. जखमेला हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. विठ्ठलवाडीकरांना कल्याणचे रुक्मिणीबाई आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ व २८ व्या दिवशी घेतात. जखम खोल असेल तर सीरमही लागते. पिलू दहा दिवस जगते का हे पाहत लस लांबवू नका. माणसात रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही.

पिलाला तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस द्या, पशुवैद्यक सांगेल त्या दिवशी दुसरा डोस द्या आणि पुढे दरवर्षी टोचून घ्या. बैलाची लस आपण विसरत नाही. राखणदाराचीही विसरू नका. त्याच्या लसीत आपल्या मुलाबाळांची राखण आहे.