सरकारी कणगी आणि आपला वांटा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज अंदाजपत्रकाविषयीं बोलावें असें आम्हीं ठरविलें आहे. हा विषय शिकल्यासवरल्यांचा, आपल्याला त्यांतलें काय कळणार, असें म्हणून कोणीं उठून जाऊं नये. ज्या बाईला चार पायली जोंधळ्यांत पावसाळा काढतां येतो, तिला सरकारचा हिशेब समजण्यास कांहींच अडचण नाहीं. तो तिला कोणी उलगडून दाखवीत नाहीं, एवढेंच. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें: खजिना भरतो रयतेच्या घामानें, आणि त्यांतून विद्या मिळते ती वरच्या वर्गाला.

घरीं जशी कणगी, तशी राज्याची एक मोठी कणगी आहे. तिला एकत्रित निधि म्हणतात. कर, फी, कर्ज, जें येतें तें आधीं तींत पडतें, आणि विधिमंडळाच्या संमतीवांचून तींतून दाणा बाहेर काढतां येत नाहीं. वर्ष १ एप्रिलला उघडतें, ३१ मार्चला मिटतें. त्या दिवसापर्यंत न खर्चलेल्या पैशाची मंजुरी मावळते. म्हणून वर्षभर निजलेलीं खातीं मार्चांत खडबडून जागीं होतात.

आतां फसगत कोठें होते तें सांगतों. मंत्री भाषणांत एक आकडा सांगतात, दुसऱ्या दिवशीं तो वर्तमानपत्रांत ठळक टाइपांत येतो, आणि आपण समजतों कीं पैसा आला. तो पैसा नव्हे, तो अंदाज. तोच आकडा पुढच्या वर्षीच्या पुस्तकांत सुधारित अंदाज म्हणून येतो, आणि खरा खर्च किती झाला तें त्याच्याही पुढच्या वर्षीं निराळ्या रकान्यांत छापून येतें. तोंवर पहिला आकडा सगळे विसरलेले असतात. पेरणीआधीं शेतकरी म्हणतो, वीस पोतीं होतील. सावकार विचारतो, खळ्यावर किती आलीं? आपणही तेंच विचारावें.

एकदां मात्र आपल्या राज्यांत कांहीं निराळें घडलें. सांगली जिल्ह्यांत, तासगांव तालुक्यांत विसापूर गांव आहे. तेथें १९६५ सालीं वि. स. पागे यांनीं प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम द्यावयाचें. पागे त्या वेळीं विधान परिषदेचे सभापति होते. पुढें १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. या सभेंतल्या म्हाताऱ्या मंडळींनीं त्या सालीं खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरी चावल्या. त्यांना आम्हीं काय सांगावें?

दुष्काळी काम म्हणजे सरकारची मर्जी. मर्जी फिरली कीं काम बंद. तसें होऊं नये म्हणून १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीं तर बेकारी भत्ता. भत्ता पहिल्यानें दिवसाला एक रुपया, म्हणजे थट्टाच. परंतु काम न दिल्यास सरकार तुमचें देणें लागतें, हें कागदावर आलें.

आम्हांला यांत मोलाचें वाटतें तें पुढेंच आहे. काम देऊं म्हणणारे पुष्कळ. पैसा कोठून आणणार हें आधीं सांगणारे थोडे. येथें कायद्याच्याही आधीं, १९७५ सालीं, नोकरदार, वकील, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसविला. मोटारींवर, विक्रीकरावर, बागाईत जमिनीवर जादा पट्टी आली. या करांतून जितकें येईल तितकेंच सरकारनें पदरचें घालावें असें ठरलें. मुंबईच्या कारकुनाच्या पगारांतून कापलेला पैसा माणदेशच्या नालाबांधावर यावा, असा तो बेत होता.

सुतार-लोहार मंडळींना हें लगेच समजेल. बलुतें खळ्यावरच वेगळें निघे. धान्य घरीं नेऊन उरलें तर देऊं, असें नव्हे. (बलुत्याची चाल चांगली होती असें आम्ही म्हणत नाहीं, त्या पसाभर दाण्यांबरोबर किती शिव्या येत तें आपल्या वडिलांना विचारा.)

तरी एक फट राहिली. व्यवसाय कराचा पैसाही आधीं त्या मोठ्या कणगींतच पडतो. तेथून रोजगार हमी निधींत जावयाचा तर अंदाजपत्रकांत तशी तरतूद व्हावी लागते. तरतूद थोडी ठेवली तर कोठें आरडाओरडा होत नाहीं. खळ्यावरचा वांटा मुकाट्यानें वाड्यांत जातो. कर मात्र थांबलेला नाहीं. आजही नोकरदाराचे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारींत ३००, मिळून वर्षाचे २५०० कापले जातात. राज्यघटना याहून अधिक घेऊं देत नाहीं, आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे. तेव्हांच्या २५०० ला काय येत होतें आणि आतां काय येतें, तें बाजार करणाऱ्या बायांनीं सांगावें. २००५ सालीं दिल्लीनें सर्व देशासाठीं असा कायदा केल्यावर मजुरीचा मोठा भाग तिकडून येऊं लागला, आणि आपल्या या कराकडे पाहण्याचें लोकांनीं सोडूनच दिलें.

मागें आम्ही एका कचेरींत गेलों होतों. विहिरीच्या कामाची मजुरी अडकली होती. कारकून म्हणाला, "वरून निधि आला नाहीं." वर म्हणजे कोठें, असें विचारलें, तर त्यानें छताकडे बोट दाखविलें.

तें वर कोठें आहे, तें आपण आमदारांना विचारूं या. व्यवसाय कर किती जमला? त्यांतला रोजगार हमी निधींत किती गेला? आपल्या तालुक्यांत मजुरीवर प्रत्यक्ष खर्च किती झाला? अंदाज नको, तिसऱ्या रकान्यांतला आकडा हवा. अधिवेशनापूर्वीं पत्र पोंचलें पाहिजे. मसुदा आम्हीं लिहून आणला आहे; सभा उठल्यावर पाराच्या ओट्यावर ठेवतों. बायांनींही सह्या कराव्या. मस्टरवर नांवें त्यांचींच अधिक आहेत.